वाणात वाटलेली तिजोरी

माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम म्हणजे पाठ फिरवून उभं राहणं.

सुरतेच्या हिरेबाजारात एका खाजगी सेफ डिपॉझिटच्या तळघरात मी लॉकर सांभाळायचे. काम ऐकायला भारी, करायला साधं. गिऱ्हाईक जिना उतरून येतं, रजिस्टरमध्ये सही करतं. मग त्याच्या लॉकरला आधी माझी चावी लागते, मग त्याची. एकट्या माझ्या चावीनं काही होत नाही आणि एकट्या त्याच्या चावीनंही नाही. दोन्ही फिरल्या की दार सुटतं. दार सुटलं रे सुटलं की मी भिंतीकडे तोंड करायचं. आत काय आहे ते बघायचं नाही, विचारायचं नाही, आणि चुकून दिसलंच तर विसरायचं.

आता तुम्हीच सांगा, शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकून आज वरण की छोले हे सांगणाऱ्या बाईला हे काम कुणी द्यावं? पण शेठला वाटलं, लिंबायतमधली मराठी बाई, हिरेबाजारात हिचं कुणी ओळखीचं नाही, म्हणजे बरी. मला स्वतःला तर मी कोणी मोठी अधिकारीणच वाटायचे. कमरेला चाव्यांचा जुडगा, चालताना तो मुद्दाम वाजवायचा. शेअर रिक्षात बाजूला कुणी सरकलं नाही तर मी म्हणायचे, "जपून बसा भाऊ, माझ्या अंगावर अख्ख्या बाजाराची जबाबदारी आहे." तेव्हाची मी आज समोर आली तर मीच तिला रिक्षातून उतरवून देईन.

आणि पाठ फिरवून उभी राहायचे ती कुठे? तर समोर शेठच्या वडिलांचा काचेचा फोटो होता, बरोब्बर तिथे. काचेत मागचं सगळं दिसायचं. बरीच वर्षं मी अशी थोरल्या शेठच्या पगडीआडून लोकांच्या तिजोऱ्या बघितल्या. एकदा एक म्हातारे हिरेदलाल लॉकर उघडून उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "बेन, फोटो जरा वांको छे. सीधो करी दउं?" आणि त्यांनी खरंच येऊन फोटो असा फिरवला की काचेत फक्त ट्यूबलाइट दिसावी. दुसऱ्या दिवसापासून मी दुसऱ्या भिंतीकडे तोंड करायला लागले. तिथे नुसता चुना होता.

तर अशा या तळघरात हिऱ्यांच्या कागदी पुड्या यायच्या, सोनं यायचं, जमिनीचे कागद यायचे. एक गृहस्थ तर बायकोनं लग्नाआधी लिहिलेली पत्रं ठेवायचे, आणि ती बायको अजून जिवंत होती, घरीच होती. मग नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एक नवीन प्रकारचं गिऱ्हाईक उतरायला लागलं. तरुण पोरं, पायात पांढरे बूट, आणि खिशातून काढायची काय, तर पेनड्राइव्हसारखी एक चीज. एवढ्याशा वस्तूसाठी मोठा लॉकर.

मी पहिल्याच मुलाला विचारलं. विचारायचं नाही हा नियम मला पाठ होता, पण तो पाळायला मी काही भिंत नव्हते. तो गुजरातीत बोलला, मी मराठीत सांगते.

"यात माल आहे का रे?"

"नाही बेन. यात फक्त चावी आहे."

"मग माल कुठे?"

"माल कुठेच नाही. म्हणजे सगळीकडे आहे. जगभरातल्या कॉम्प्युटरांवर एक वही आहे, सगळ्यांना दिसेल अशी. त्यात लिहिलंय की हा माल अमक्या चावीचा. चावी ज्याच्या हातात, माल त्याचा."

"आणि ही चीज हरवली तर?"

"तर बारा शब्द आहेत. साधे इंग्रजी शब्द, पण क्रमानं. ते शब्द नवीन मशीनमध्ये टाकले की चावी परत तयार."

"आणि शब्द हरवले तर?"

तो हसला. "तर मग बेन, माल आहे, पण आपला नाही. कोणाचाच नाही. बँकेत जाऊन रडायची सोय नाही."

मला हे इतकं आवडलं की विचारू नका. बारा शब्दांची तिजोरी! ना दार, ना बिजागरी, ना माझ्यासारखी बाई. त्या दिवसापासून मी या पोरांना चहा पाजून पाजून माहिती काढली. कोणी शब्दांचा फोटो काढून फोनमध्येच ठेवलाय आणि फोनमधले फोटो आपोआप कुठे कुठे जाऊन बसतात. कोणी ते मशीन आणि शब्दांचा कागद एकाच लॉकरमध्ये ठेवतोय, म्हणजे कुलपाच्या कडीलाच चावी टांगल्यासारखं. मी पाठ करून उभी असायचे, पण तोंड बंद ठेवत नव्हते. "भाई, दोन्ही एकाच ठिकाणी नको हं." भिंतीकडे बघून दिलेला सल्ला लोक चटकन ऐकतात, हे माझं निरीक्षण आहे.

तळघराचा एक गुण मात्र तेव्हाच कळला. तिथे मोबाइलला नेटवर्क नव्हतं. एकदा एक कापडवाले भाई घाईघाईनं उतरले, फोन कानाला, घामाघूम. कंपनीच्या मदतकेंद्रातून फोन आहे म्हणाले, त्यांच्या खात्यावर हल्ला झालाय, वाचवायचं तर ते बारा शब्द आत्ताच्या आत्ता वाचून दाखवायचेत. लॉकर उघडला, कागद हातात घेतला, तर फोन बंद. कागद घेऊन वर निघाले. मी म्हटलं, "भाई, लॉकर उघडा टाकून जाता येत नाही. आधी बंद करा. आणि वस्तू बाहेर काढली तशी सही करा." चिडले, पण केलं. जिन्यात गेले, फोन लागला, तेवढ्यात चष्मा लॉकरमध्येच राहिला म्हणून परत आले. परत सही, परत दोन चाव्या. मी मुद्दाम चावी हळू फिरवली. असं दोनतीनदा झाल्यावर वरून फोनवाल्याचा आवाजच इतका चढला की जिन्यात ऐकू आला, "इतना टाइम क्यों लग रहा है?" भाई थबकले. मदत करणारा माणूस ओरडतो कशाला? तिथेच जिन्यावर बसले, आणि मग माझ्याकडून पाणी मागितलं.

या एका गोष्टीवर मी निवृत्त होईपर्यंत भाव खाल्ला. मला वाटायला लागलं, चोर आणि चाव्या या विषयात मला आता कोणी काही शिकवू शकत नाही. तेव्हा मला नातवंडं होती, केस पांढरे होते, पण अक्कल अजून त्या रिक्षातल्या बाईचीच.

आता खरी गोष्ट. ती घडली आमच्या लिंबायतच्या गल्लीत, मी नोकरी सोडल्यानंतर.

समोरच्या घरात भटूभाऊ राहतो. गाव धुळ्याकडचं, इथे एका डाइंग मिलमध्ये कापडाच्या रंगावर कामाला. त्याची बायको सरला घरी बसून साड्यांना टिकल्या लावायचं जॉबवर्क करते. दोघं कित्येक वर्षं भाड्याच्या खोलीत. डिंडोलीला एक छोटं रो-हाऊस घ्यायचं, एवढाच त्यांचा ध्यास. भटू मिलमधल्या पोरांच्या नादानं बरीच वर्षं थोडं थोडं करून ते बारा शब्दांचं क्रिप्टो घेत राहिला होता. ते चांगलं वाढलंही. घराचं बुकिंग त्यातूनच होणार होतं. हे सगळं मला कळलं एका दुपारी, जेव्हा तो माझ्या दारात आला आणि पिशवीतून गडद निळा झालेला फोन काढून ठेवला.

"मावशी, रंगाच्या हौदात पडला."

"अरे मग दुसरा घे. बारा शब्द आहेत ना?"

तो खाली बसला. "शब्द वाट्यांवर होते."

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. कागद जळतो, भिजतो, म्हणून बाहेरचे लोक शब्द स्टीलच्या पट्टीवर कोरून ठेवतात असं त्यानं फोनवर पाहिलं होतं. ती पट्टी महाग. यानं डोकं लढवलं. स्टीलच्या एक डझन वाट्या आणल्या, मिलमधलं अवजारांवर नंबर टाकायचं कोरणीयंत्र एका रविवारी घरी आणलं, आणि प्रत्येक वाटीच्या बुडाला एकेक शब्द कोरला. क्रम कळावा म्हणून शब्दाखाली ठिपके, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे. खोक्यात भरून माळ्यावर ठेवल्या आणि कागद जाळून टाकला. चोर आला तर सोनं शोधेल, वाट्या कोण नेतं?

मी कौतुकानं मान हलवली. खरंच सांगते, इतक्या वर्षांत इतकी चांगली लपवणूक मी पाहिली नव्हती.

"सरलाला सांगितलं होतंस?"

"नाही. जितक्या कमी लोकांना ठाऊक तितकं बरं, असं त्यात म्हटलं होतं."

"मग वाट्या गेल्या कुठे?"

मागे दारात सरला उभी होती. डोळे सुजलेले. ती घरात अहिराणी बोलते, रागावली की जरा जास्तच. "माले काय माहीत? माले वाटनं, मन्हासाठेच लयन्यात!"

संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण काय द्यावं या विचारात असताना तिला माळ्यावर ते खोकं सापडलं होतं. नव्याकोऱ्या एक डझन वाट्या. नवऱ्यानं आपल्याला न सांगता वाणासाठी आणून ठेवल्या, असंच कुठल्याही बाईला वाटेल. बुडाला इंग्रजीत काहीतरी कोरलेलं, तर ती डिझाइन समजली. "ह्यांनी आणल्यात," असं ठसक्यात सांगून तिनं त्या गल्लीत वाटून टाकल्या. इतकंच नाही, त्या दिवशी तिनं या पठ्ठ्याला खापरावरचे मांडे करून घातले. हा मुकाट्यानं मांडे खाऊन सेकंड शिफ्टला गेला. आज कशाचे मांडे, हेसुद्धा विचारलं नाही.

"घर बुडवलंस माझं," एवढं तो तिला म्हणाला होता. त्यानंतर बोललाच नव्हता.

मी मात्र उठून स्वयंपाकघरात गेले. नवरा गेल्यापासून मला हळदीकुंकवाला बोलावणारी गल्लीत एकटी सरला, त्यामुळे एक वाटी माझ्याकडेही आली होती. रोज दुपारी मी त्यात दही खायचे आणि वाटी चाटून उलटी केली की बुडाचा शब्द वाचायचे. समजा तो 'लेमन' होता. खरा शब्द मी सांगणार नाही, आता ती तिजोरी रिकामी असली तरी. मला वाटायचं, हे कंपनीचं नाव असेल. लेमन वाट्या.

वाटी पाहून भटू रडायलाच लागला. मी म्हटलं, "रडू नकोस. एक मिळाली ना? बाकीच्या अकराही याच गल्लीत आहेत."

पण जाऊन मागणार कशा? दिलेलं वाण कोणी परत मागत नाही. त्याहून अशुभ आणि त्याहून अपमानाचं काही नाही. आणि खरं कारण सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत लिंबायतभर बातमी की अमकीच्या वाटीत घर आहे. मग प्रत्येक घरी एकेक शब्द अडून बसला असता. म्हणून मी शिरा केला. चांगला तुपाचा, केळं घातलेला. भटूनं सत्यनारायण घातला असं गल्लीत सांगायचं ठरलं, आणि तो खोटं नको म्हणून खरंच पूजा घालून बसला, बिचारा. मग मी आणि सरला पातेलं घेऊन घरोघरी निघालो.

"प्रसाद आणलाय गं. वाटी आण."

"ही घ्या मावशी."

"ही नको बाई, ही मोठी आहे. सरलानं संक्रांतीला दिलेली आण ना, तिचं माप बरोबर पडतं."

वाटी आली की मी त्या बाईला सुनेचं, गुडघ्याचं, पाण्याच्या टँकरचं काहीतरी विचारून बोलण्यात गुंतवायचे. सरला वाटी पुसायच्या निमित्तानं पालथी करायची, ठिपके मोजायची, शब्दाचं एकेक अक्षर ओठांत म्हणायची, मग शिरा वाढायची. शब्द मी पाहायचे नाहीत, हे मी स्वतःच ठरवलं होतं, धंद्याची शिस्त म्हणून. पाहायची इच्छा किती होती ते सांगत नाही. सरलाचं इंग्रजी सातवीपर्यंतचं, पण शेकडो साड्यांचे डिझाइन नंबर तोंडपाठ ठेवणारी बाई ती. एकदाही चुकली नाही. एका घरी वाटी पोपटाच्या पिंजऱ्यात होती. त्या पोपटानं सरलाच्या बोटाला चावा घेतला, तरी तिनं वाटी सोडली नाही. एका घरी ती विळीच्या पाटाखाली, डगमगू नये म्हणून लावलेली. एक बाई म्हणाली, "शिरा फार गोड झालाय, पूजा कशाची होती?" सरला म्हणाली, "घराची." आणि पदरानं डोळे पुसत पुढच्या दाराकडे वळली.

संध्याकाळी हिशेब लागला. बारातल्या अकरा सापडल्या. राहिली नऊ ठिपक्यांची. ती कविताकडे गेली होती, आणि कविता नवऱ्याला साखर कारखान्यात काम लागलं म्हणून बारडोलीला राहायला गेली होती. तिचा फोन बदललेला. पत्ता नाही, फक्त कारखान्याच्या मागच्या बाजूला, इतकंच ठाऊक.

आणि तेवढ्यात भटूनं एक उद्योग करून ठेवला होता. उसना फोन घेऊन त्यानं कुठल्यातरी ग्रुपमध्ये लिहिलं, माझा एक शब्द हरवलाय, कोणी मदत करेल का. लगेच माणूस हजर. आवाज असा गोड की साखर कारखान्यातूनच बोलतोय असं वाटावं. कंपनीचा माणूस आहे म्हणाला. हिंदीत बोलत होता.

"भटूजी, घबराइए मत. ग्यारह शब्द मुझे दे दीजिए, बारहवां हमारा कंप्यूटर दो मिनट में निकाल देगा. फीस भी नहीं लेंगे."

भटूनं फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्हाला यातलं कळतं. देऊ का?"

मी तेव्हा किती शहाणपणानं पाय पसरून बसले होते, ते आठवलं की आजही कान गरम होतात. मी म्हटलं, "बारा दे म्हणाला असता, तर मीच फोन फेकून दिला असता. पण अकरानं काय उघडतंय? माझ्या तळघरात एका चावीनं कधी दार उघडलं का? दे अकरा. मुख्य शब्द तर बारडोलीला आहे."

भटूनं फोन कानाला लावला. सरला पातेलं घासत होती. तिचा हात थांबला. तिनं नळ बंद केला.

"मावशी, बारावा तोच शोधणार ना?"

"हो."

"म्हणजे त्याच्याकडे बारा होतील. आणि आपल्याकडे?"

भटूनं फोन कानावरून काढून पुन्हा त्यावर हात ठेवला.

"आपल्याकडे अकराच राहतील," ती म्हणाली. "मग घर कोणाचं?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. नंतर त्या पांढऱ्या बुटांच्या पोरांपैकी एकाला विचारून मी खात्रीही केली. ते शब्द कोणतेही नसतात, एका ठरलेल्या यादीतलेच असतात. अकरा हातात असले की रिकाम्या जागी कॉम्प्युटर ती सगळी यादी एकेक करून लावून बघतो आणि दार उघडतो. माझ्या तळघरात अर्धं म्हणजे काहीच नाही. इथे एक कमी म्हणजे जवळजवळ सगळं. माझं अख्ख्या आयुष्याचं ज्ञान घेऊन मी भटूचं घर चोराला द्यायला निघाले होते, आणि वर पाय पसरून.

सरलानं ओल्या हातानं फोन घेतला. "भैया, पहले आप बारावा बताव. आमच्या वाटीशी मिळतो का बघते मी."

"अरे भाभीजी, ग्यारह के बिना कैसे बताऊं?"

"बाराव्याबिगर आम्ही बसलोय ना? तुम्ही पण बसा."

लगेच गोडवा गेला. आज शाम तक नहीं दिया तो सब फ्रीज हो जाएगा, फिर रोना मत. सरलानं फोन बंद करून भटूच्या हातात दिला आणि त्या भांडणानंतर पहिल्यांदा थेट त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता. "उद्या बारडोली," ती म्हणाली.

मी सोबत गेले. मला घरी ठेवायला कुणाची छाती होती? डब्यात उरलेला शिरा. बसमधून उतरलो तर हवेत मळीचा आंबूस वास. कारखान्याच्या मागे विचारत विचारत कविताची खोली सापडली. कविता आनंदली, पाणी दिलं, आणि प्रसादासाठी वाटी आणली, पण ती साधी होती.

"संक्रांतीची आण ना गं."

कविता हळूच म्हणाली, "ती सासूबाईंनी घेतली. त्या मिसरी भाजतात तिच्यात."

सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, बोटाला काळी मिसरी. वाटी शेजारी. बूड गॅसवर भाजून भाजून तव्यासारखं काळंठिक्कर. शब्द तर सोडा, ठिपकाही दिसत नव्हता.

"आजी, वाटी घासून देऊ का?" सरला म्हणाली.

"नको. चव जाते."

"किती काळी झालीय."

म्हातारीनं वाटी पदराखाली घेतली. "वाण दिलं, आता परत न्यायला आल्या का गं दोघी? खानदेशात असं करत नाहीत."

मला एरवी दहा बहाणे सुचतात. त्या क्षणी एकही सुचेना. सरलाच पुढे झाली. ती म्हातारीच्या समोर बसली आणि खरं तेच म्हणाली. "आजी, वाटी तुमचीच आहे. पण तिच्या बुडाला माझ्या नवऱ्यानं काहीतरी लिहिलंय. मला न सांगता. मला ते वाचायचंय."

म्हातारीनं पदराखालून वाटी काढली. "नवऱ्यानं लिहिलंय? वाटीवर?" ती खुदकन हसली. "माझ्यानं कधी पाटीवर नाही लिहिलं. घास बाई घास."

चिंच आणि राख घेऊन सरला न्हाणीत बसली. किती वेळ घासत होती कोण जाणे. तिच्या कोपराची हालचाल मी मागून बघत होते आणि मला वाटत होतं, कोरलेलं टिकलं असेल ना? शेवटी तिनं वाटी उजेडात धरली. नुसते ओठ हलले. मग वाटी स्वच्छ धुतली, पुसली, त्यात शिरा भरला आणि म्हातारीच्या पुढ्यात ठेवली.

त्या संध्याकाळी नव्या फोनमध्ये भटूनं शब्द टाकले. म्हणजे सरला सांगत होती, तो टाकत होता. सगळं जागेवर होतं. भटूनं फोन खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी म्हटलं, "अजून संपलं नाही. हे शब्द आता आख्ख्या गल्लीनं आणि एका पोपटानं पाहिलेत. नवीन बारा शब्द काढा, माल तिकडे हलवा, जुने मोडीत. आणि नवीन शब्द दोघांनाही ठाऊक पाहिजेत. एकट्याला ठाऊक असणं म्हणजे चोरापासून वाचवून घरच्यांना चुकवणं. लिहून ठेवाल तर दोन वेगळ्या जागी. फोटो नाही, फोन करणाऱ्या कुठल्याही देवाला सांगायचं नाही."

"कुठे ठेवू मावशी?" भटूनं विचारलं.

मी रुबाबात म्हटलं, "ते मला सांगूच नका. कुणालाच नका."

माझी कल्पना अशी की आता ते म्हणतील, अहो मावशी, तुमच्यापासून काय लपवायचं, बसा ना. मी खुर्चीही जवळ ओढली होती. सरला म्हणाली, "बरोबर आहे मावशीचं. मावशी, तुम्ही जरा चहा ठेवता का?"

त्यांच्याच स्वयंपाकघरात मला धाडून तिनं मधलं दार ओढून घेतलं. मी आधण ठेवलं. साखरेचा डबा आवाज न करता उघडला. गॅस बारीक केला, म्हणजे चहाच्या उकळीचा अडथळा नको. मग दाराला कान लावला.

मग भटू काहीतरी हळू म्हणाला, एक शब्दच असेल. आणि सरला हसायला लागली. इतकी हसली, की तोही हसायला लागला. तो शब्द काय होता देव जाणे. मी चहात आलं किसलं आणि चहा तसाच मंद उकळू दिला, कारण ती दोघं अजून हसत होती.